थंडरबर्डचा आउटबॉक्स आणि दिवाळी अंकांची प्रुफं

मी मुद्रितशोधक आहे. बावीस वर्षं प्रुफं तपासते आहे. त्यातली पहिली आठ पुण्यात एका छापखान्यात बसून गेली, पुढची सगळी देवरुखात, घरी. जुलै ते सप्टेंबर हे आमच्या घाईचे दिवस, कारण दिवाळी अंकांची प्रुफं तेव्हा येतात. कोकणात हेच महिने पावसाचे. सकाळी लाईट जाते ती दुपारी येते, लाईट आली की नेट जातं, आणि दोन्ही एकदम असली की संपादकांचा फोन येतो, "ताई, दुसरं प्रूफ कुठाय?"

त्यामुळे मेल लिहून होणं आणि ती जाणं यांच्यामध्ये माझ्याकडे कधी पाच मिनिटं असतात, कधी दोन दिवस. त्या वेळात ती मेल कुठे असते, शाबूत असते का, तिच्यात बदल करता येतो का, हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. बाकी रंगरूप, बटणं, चिन्हं यांचं मला फार काही नाही. गेली नऊ वर्षं मी मोझिलाचं थंडरबर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर बसवायचा मेलचा प्रोग्राम, वापरते ते एवढ्याच एका कारणाने, आणि हे परीक्षणही मुख्यतः त्याबद्दलच आहे.

आधी मी ब्राउझरमध्येच मेल लिहायचे. कुठली सेवा होती ते महत्त्वाचं नाही, तेव्हा सगळीकडे तसंच होतं. एका अंकात एका दिवंगत शिक्षकांवर लेख होता. पहिल्या प्रुफात त्यांच्या आडनावातला अनुस्वार गळला होता, आणि तोही एका जागी नाही, शीर्षकासकट सहा जागी. मी सहाही ठिकाणी लाल खूण केली, पानं स्कॅन केली, फाइल जोडली आणि पाठवली. फाइल वर चढत असताना नेट गेलं. मला वाटलं गेली. दोन दिवसांनी अंक छापायला गेला तो पहिल्या प्रुफावरूनच. त्या शिक्षकांच्या मुलीने अंक हातात घेतला तेव्हा वडिलांचं नाव चुकलेलं होतं. तो अंक माझ्या कपाटात आहे. आजही तो काढला की पोटात खड्डा पडतो. मेल गेली नाही हे मला कळायला हवं होतं, आणि कळण्याची सोयच नव्हती.

त्याच दिवाळीत भाच्याने लॅपटॉपवर थंडरबर्ड टाकून दिलं. म्हणाला, "मावशी, हे कॉम्प्युटरवरच राहतं. नेट नसलं तरी उघडतं." हे एक वाक्य मला पुरलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. थंडरबर्डची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. प्रोग्राम फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. २०२० पासून मोझिला फाउंडेशनची एक उपकंपनी त्याचं काम बघते आणि ते मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालतं. जुलै २०२३ मध्ये ११५ आवृत्तीत सगळं रूप बदललं. मला पंधरा दिवस जड गेले, मग सवय झाली. आउटबॉक्सचं वागणं मात्र जुनंच राहिलं, आणि त्याबद्दल मी त्या लोकांची आभारी आहे.

आता आउटबॉक्स. मेल लिहून झाल्यावर कंट्रोल-एंटर दाबलं तर ती लगेच जायला निघते. मध्ये शिफ्ट घालून कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबलं तर ती जात नाही, 'लोकल फोल्डर्स' खालच्या आउटबॉक्समध्ये जाऊन बसते. फाइल मेनूत याचंच नाव 'सेंड लेटर', म्हणजे नंतर पाठवा. मग मनात येईल तेव्हा आउटबॉक्सवर उजवं क्लिक करून 'सेंड अनसेंट मेसेजेस' म्हणायचं, की ओळीने सगळ्या निघतात. एवढंच. पण 'लोकल फोल्डर्स' या दोन शब्दांत सगळं आलं. तो आउटबॉक्स माझ्या लॅपटॉपच्या डिस्कवर आहे, कुठल्या दूरच्या सर्व्हरवर नाही. लाईट गेली, नेट गेलं, बॅटरी संपली, तरी आउटबॉक्समध्ये पोचलेली मेल तिथेच असते.

पुण्याच्या छापखान्यात ज्येष्ठ मंडळी होती त्यांना यात नवल वाटलं नसतं. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते फोनच्या तारेवरून. जोडणी चालू असेपर्यंत पैसे चालू. म्हणून लोक आधी सगळ्या मेल निवांत लिहून आउटबॉक्समध्ये ठेवायचे, मग फोन लावायचा, दोन मिनिटांत सगळं पाठवायचं आणि फोन ठेवायचा. आउटबॉक्स त्या काळाला फार सोयीचा होता. शहरातल्या लोकांना आता त्याची गरज पडत नाही, म्हणून नव्या प्रोग्रामांत तो कुठेतरी आत दडवलेला असतो. आमच्याकडे जुलैत अजून तीच तऱ्हा आहे.

मी काम असं करते. पावसाचा जोर वाढला आणि नेट अडखळायला लागलं की खिडकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह आहे, त्यावर क्लिक करून थंडरबर्डला ऑफलाइन करून टाकते. हे मुद्दाम स्वतः करते. नेट अर्धवट असलं की प्रोग्राम पाठवण्याचा प्रयत्न करत राहतो, वेळ जातो, आणि शेवटी पाठवता आलं नाही असा निरोप दाखवून लिहायची खिडकी तशीच उघडी ठेवतो. ऑफलाइन केलं की 'सेंड'चं बटण आपोआप 'सेंड लेटर' होतं. मग मी शांतपणे एकेक प्रूफ संपवते, मेल लिहिते आणि आउटबॉक्समध्ये सोडते. नेट आल्यावर त्याच चिन्हावर क्लिक केलं की प्रोग्राम विचारतो, न पाठवलेले संदेश आता पाठवायचे का? हे विचारणं मला आवडतं. सेटिंगमध्ये, ऑफलाइनच्या विभागात, न विचारता पाठव किंवा पाठवू नको असंही सांगता येतं. मी 'विचार' ठेवलंय. का ते पुढे सांगते.

याला एक मोठी पुरवणी जोडायला हवी. ऑफलाइन न जाता नुसतं 'सेंड लेटर' केलं, तर ती मेल तुम्ही सांगेपर्यंत आउटबॉक्समध्येच राहते. नेट छान चालू आहे म्हणून ती स्वतःहून निघेल असं धरून चालू नका. मी रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की लॅपटॉप उघडून डाव्या बाजूच्या यादीत आउटबॉक्स रिकामा आहे का ते बघते. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यामुळे एकही दिवस चुकत नाही.

सगळ्यात नीट समजून घ्यायची गोष्ट म्हणजे जोडलेल्या फाइलचं काय होतं. याबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं, मी स्वतःच्याच पत्त्यावर मेल पाठवून तपासलं. मेल लिहायची खिडकी उघडी असते तोवर फाइल नुसती दाखवलेली असते. पाठवताना प्रोग्राम ती डिस्कवरून वाचतो. पण मेल एकदा आउटबॉक्समध्ये गेली, की फाइलची त्या क्षणीची प्रत मेलच्या पोटात गेली. त्यानंतर डेस्कटॉपवरच्या प्रुफात तुम्ही आणखी चार चुका काढल्यात, तरी आउटबॉक्समधल्या मेलमध्ये जुनीच फाइल आहे. ड्राफ्ट जतन केला तरी तसंच. आमच्या धंद्यात याला फार अर्थ आहे. रात्री अकराला प्रूफ बांधून ठेवायचं आणि पहाटे पुन्हा एकदा नजर टाकताना पान ४३ वर 'स्थिती'ची 'स्थिति' दिसायची, हे नेहमीचं. मी फाइल सुधारते तेव्हा आउटबॉक्समधली मेल काढून, जुनी फाइल त्यातून उडवून, नवी जोडते. फाइलच्या नावातही वेळ घालते, म्हणजे डीटीपीवाल्या, कॉम्प्युटरवर पानं लावणाऱ्या दादांना कळतं की रात्रीची कुठली आणि सकाळची कुठली.

आउटबॉक्समधली मेल काढायची कशी, तेही सांगते, कारण इथे नवा माणूस हमखास गोंधळतो. आउटबॉक्समधल्या मेलवर दोनदा क्लिक केलं तर ती वाचायला उघडते, बदलायला नाही. उजवं क्लिक करून 'एडिट ॲज न्यू मेसेज' केलं तर बदलता येते, पण ती नवी प्रत असते. मूळ मेल आउटबॉक्समध्ये तशीच राहते आणि नंतर दोन्ही जातात. म्हणून माझी पद्धत वेगळी आहे. मी ती मेल आउटबॉक्समधून ओढून ड्राफ्ट्समध्ये टाकते. आउटबॉक्स रिकामा झाला हे डोळ्यांनी दिसतं. मग ड्राफ्ट म्हणून उघडायची, दुरुस्त करायची, पुन्हा कंट्रोल-शिफ्ट-एंटर. हे ओढाओढीचं काम प्रोग्रामने एका बटणात करायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. आउटबॉक्समधल्या मेलवर 'बदला' असं सरळ बटण असतं तर मी या परीक्षणात एकही उणं लिहिलं नसतं.

ड्राफ्टांबद्दल एक सेटिंग जरूर बदला. तुमचं खातं आयमॅप पद्धतीचं असेल, म्हणजे मेल सर्व्हरवर राहून सगळ्या यंत्रांवर सारखी दिसत असेल, आणि बहुतेकांचं ते असतंच, तर ड्राफ्ट सर्व्हरवर जतन होतात. थंडरबर्ड दर पाच मिनिटांनी ड्राफ्ट आपोआप जतन करतो, हे अंतर कमीही करता येतं. मी दोन मिनिटं ठेवलंय. पण नेटच नसेल तर सर्व्हरवर जतन कसं होणार? प्रोग्राम विचारतो, इथे कॉम्प्युटरवरच ठेवू का, आणि आपण हो म्हणतो. पावसाळ्यात हा प्रश्न दिवसातून दहादा येणार. त्यापेक्षा अकाउंट सेटिंग्जमध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स' उघडून ड्राफ्ट 'लोकल फोल्डर्स'मध्ये ठेवायला सांगून टाका. एक गोष्ट सोडावी लागते, लॅपटॉपवर अर्धी लिहिलेली मेल मग फोनवर दिसत नाही. मला फोनवर प्रुफाची मेल लिहायची नसतेच, त्यामुळे माझं काही अडलं नाही. प्रवासात फोनवरून मेल पुरी करणाऱ्यांनी मात्र हे करू नये.

मेल का जात नाही, यावर मला बरंच शिकायला मिळालं. दोन वर्षांपूर्वी एका अंकाची कथांची सगळी पानं मी एकत्र स्कॅन करून जोडली. फाइल १९ एमबीची. एका मेलची मर्यादा २५ ची, म्हणजे जायला हवी होती. जाईना. नेट चांगलं होतं तरी जाईना. तेव्हा भाच्याने फोनवरून मला प्रोफाइलचं फोल्डर, म्हणजे थंडरबर्ड आपल्या मेल आणि सेटिंग ठेवतो ते, उघडायला लावलं. हेल्प मेनूतल्या 'ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन'मधून तिथे पोचता येतं. आत 'मेल', त्याच्या आत 'लोकल फोल्डर्स', आणि त्यात 'अनसेंट मेसेजेस' नावाची फाइल. आपल्याला दिसतो तो आउटबॉक्स म्हणजे ही एक साधी फाइल. तिची प्रत काढून नोटपॅडमध्ये उघडली. वर संपादकांचा पत्ता, विषय, तारीख, आणि खाली रोमन अक्षरं आणि आकड्यांच्या ओळींमागून ओळी, संपेचनात. ती माझी पानं होती. मेलच्या वाटेवरून फाइल जशीच्या तशी जात नाही, तिचं अक्षरांत रूपांतर होतं, आणि त्यात मूळ तीन बाइटांची चार अक्षरं होतात. म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढतं. माझी १९ एमबीची फाइल निघताना २५ च्या पुढे गेली होती. १८ च्या आत राहिलं तर निभावतं, आणि मी तर १५ च्या वर जातच नाही.

तेव्हापासून मी अख्खा अंक एका मेलमध्ये पाठवत नाही. सोळा पानांचा एक फर्मा, एक मेल. छापखान्यात आम्ही प्रुफं फर्म्याफर्म्यानेच द्यायचो, त्यामुळे संपादकांनाही ते सोयीचं जातं. शिवाय नेट मध्येच गेलं तर एक फर्मा अडतो, बाकीचे गेलेले असतात, आणि आउटबॉक्समध्ये काय उरलं ते बघून मी फोनवर ठामपणे सांगू शकते, "सर, पहिले तीन आलेत तुमच्याकडे, चौथा माझ्याकडे आहे."

सर्व्हर मेल नाकारतो तेव्हा नकाराच्या निरोपात एक तीन आकडी संख्या असते. घाईत आपण ती न वाचता खिडकी बंद करतो. वाचावी. चाराने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, थोड्या वेळाने पुन्हा पाठवून बघा. पाचाने सुरू होत असेल तर तीच मेल तशीच शंभरदा पाठवून उपयोग नाही. पत्ता चुकलाय, फाइल जड आहे किंवा आणखी काही मुळात बदलायचं आहे. एवढं कळलं तरी निम्मी धडपड वाचते. आणि मेल आउटबॉक्समधून 'सेंट'मध्ये गेली याचा अर्थ आपल्या सर्व्हरने ती घेतली, इतकाच. पुढचा सर्व्हर बंद असेल तर आपला सर्व्हर चार-पाच दिवसही प्रयत्न करत राहू शकतो. म्हणून छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी मी फोन करतेच. तिथे थंडरबर्ड काही करू शकत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

'विचार' हे सेटिंग का ठेवलं, ते आता सांगते.

मागच्या पावसाळ्यात एका कथेचं प्रूफ होतं. लेखक सिंधुदुर्गातले. वाक्य असं होतं, 'आबा मांगराजवळ बसून होता.' मी विचारही केला नाही. ग आणि ज ची गल्लत झाली, मांजर हवं होतं, असं धरून लाल शाईने 'मांजराजवळ' केलं. कथेत पुढे हाच शब्द आणखी चारदा होता, त्या चारही ठिकाणी केलं. स्कॅन, मेल, आउटबॉक्स. नेट नव्हतं. रात्रभर पाऊस कोसळत होता.

सकाळी माझी धाकटी जाऊ चहा घेऊन खोलीत आली. तिचं माहेर कुडाळचं. मी पानं मोठ्याने वाचत होते. डोळा जिथे घसरतो तिथे कान पकडतो, म्हणून ही माझी जुनी सवय. पाचव्या ठिकाणी पोचले तेव्हा मलाच जरा चमत्कारिक वाटलं, कारण तिथे 'मांगराचं दार लोटून' असं होतं, आणि मांजराला दार कुठून येणार? मी थांबले. जाऊ म्हणाली, "ताई, मांगरच असतलो. लाकडां, गवत ठेवतत तो मांगर." घराबाहेरची, बागेतली झोपडी. आमच्याकडे देवरुखात हा शब्द ऐकायला येत नाही, पण तिच्या माहेरी अजून रोजच्या बोलण्यात आहे. त्या कथेतला म्हातारा मुलाशी भांडण झाल्यावर घर सोडून मांगरात राहायला जातो. सगळी कथा त्या एका शब्दावर उभी होती, आणि मी तो पाचही जागी खोडला होता.

नऊच्या सुमारास नेट आलं. थंडरबर्डने विचारलं, एक न पाठवलेला संदेश आहे, पाठवायचा का? मी 'नको' म्हटलं. मेल ओढून ड्राफ्ट्समध्ये टाकली. पाच खुणा काढल्या. प्रत्येक ठिकाणी समासात 'आहे तसंच ठेवा' लिहिलं. पानं पुन्हा स्कॅन केली, जुनी फाइल उडवून नवी जोडली, आणि मेलमध्ये संपादकांना एक ओळ वाढवली की हा शब्द बरोबर आहे, डीटीपीत कोणी बदलू नये. मग पाठवली. आपोआप पाठवण्याचं सेटिंग असतं, तर मी चहाचा पहिला घोट घेईपर्यंत ती गेलेली असती.

एखाद्या वाचकाला वाटेल, प्रूफवाचकाने खात्री करूनच खूण करावी. करावीच. आम्ही करतोही. पण रात्री साडेअकराला, कंदिलाच्या उजेडात, एकशे साठाव्या पानावर जे दिसतं आणि सकाळी जे दिसतं, त्यात फरक पडतो. मधली रात्र मला हवी असते. जीमेलमध्ये पाठवलेली मेल मागे घ्यायची सोय आहे, पण ती जास्तीत जास्त तीस सेकंदांची. तीस सेकंदांत पत्ता चुकलेला कळतो, 'मांगर' कळत नाही.

थंडरबर्डमध्ये पाठवलेली मेल मागे घेण्याची अशी सोय मुळात नाही, हेही सांगते. ठरावीक वेळी आपोआप पाठवायची सोयही आतून येत नाही. त्यासाठी 'सेंड लेटर' याच नावाचं वेगळं ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवावं लागतं. ते चांगलं आहे, वार, वेळ, दर आठवड्याला असं सगळं ठरवता येतं. पण त्यात वेळ लावलेली मेल आउटबॉक्समध्ये नाही, ड्राफ्ट्समध्ये थांबते. आणि ठरलेल्या वेळी थंडरबर्ड चालू असावा लागतो. लॅपटॉप बंद असेल तर सकाळी सातची मेल सातला जाणार नाही. ज्यांना झोपेत मेल जायला हवी आहे त्यांनी सर्व्हरवरून पाठवणारी सेवा घ्यावी. जीमेलने २०१९ पासून ती सोय दिली आहे. माझं काम उलटं आहे. मी जागी असताना, माझ्या डोळ्यांदेखत मेल जायला हवी, म्हणून मी ते ॲड-ऑन काढून टाकलं.

अजून एक छोटी सोय फार आवडते. मेलमध्ये 'फाइल जोडली आहे' असं लिहिलं आणि जोडायचं राहिलं, तर थंडरबर्ड खाली पट्टी दाखवून आठवण करतो. त्याचे ओळखीचे शब्द इंग्रजी असतात, पण ती यादी आपल्याला बदलता येते. कंपोझिशनच्या सेटिंगमध्ये 'कीवर्ड्स' म्हणून बटण आहे. मी त्यात 'सोबत', 'जोडलं', 'जोडले', 'जोडली', 'जोडत' आणि 'फर्मा' हे शब्द घातले आहेत. मराठीत क्रियापद किती रूपं घेतं ते प्रोग्रामला ठाऊक नाही, म्हणून मला आठवतील तेवढी सगळी घातली. दिवाळी अंकांच्या दिवसांत रोज पंधरा-वीस मेल जातात. आउटबॉक्समध्ये रिकामी मेल पडून राहणं परवडत नाही.

फोनसाठी थंडरबर्डचं अँड्रॉइड ॲप ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं. आधीचं के-नाइन मेल होतं त्यावरच ते उभं आहे. मी ते फक्त आलेली मेल बघायला वापरते, त्यामुळे त्याच्यावर मत देत नाही.

राहता राहिला जपण्याचा प्रश्न. सगळं आपल्या डिस्कवर आहे म्हणजे डिस्क गेली तर सगळं गेलं, हे विसरून चालत नाही. प्रोफाइलचं ते फोल्डर मी दर रविवारी थंडरबर्ड बंद करून पेनड्राइव्हवर उतरवते. गेल्या सप्टेंबरात लॅपटॉपचा कीबोर्ड भिजला आणि तो रत्नागिरीला दुरुस्तीला द्यावा लागला. त्या वेळी आउटबॉक्समध्ये तीन फर्मे अडकलेले होते. बाहेरचा कीबोर्ड लावून फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, जावेच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड बसवलं, त्याला हे फोल्डर दाखवलं आणि उघडलं. डाव्या यादीत आउटबॉक्स होता, आत तिन्ही मेल होत्या, तिन्हींना फाइल जोडलेली होती. एकेक उघडून पानं मोजली, सोळा, सोळा, सोळा. मग पाठवल्या आणि संपादकांना फोन लावला.